ढाल, तलवार आणि वाढपी

आजवर तुम्ही जेवढ्या समित्यांवर, मंडळांवर आणि व्हॉट्सॲप गटांवर होतात, त्यांतल्या एका तरी ठिकाणी सतरंज्या उचलायचं काम तुम्ही स्वतःहून मागून घेतलं होतं का?

घाईनं ‘हो’ म्हणू नका. मलाही वाटायचं, एकदा तरी घेतलं असेल. मग एका माणसानं मला संगणकासमोर बसवलं, एका बोटानं पडदा दाखवला आणि सिद्ध केलं की मी उभ्या आयुष्यात तलवारीशिवाय काही मागितलेलंच नाही.

त्यांना सगळे मामा म्हणायचे. गारखेड्याच्या टोकाला, जिथं शहर संपायला हवं होतं पण संपत नव्हतं, तिथल्या एका गाळ्यात त्यांचं नेट कॅफे होतं. सहा संगणक, एक प्रिंटर, एक फिरती खुर्ची आणि खुर्चीवर भर उन्हाळ्यातही घडी करून टाकलेली काळी घोंगडी. पाटीवर लिहिलेलं होतं, ‘वाघर नेट कॅफे’. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मामांचं घराणं मेंढपाळांचं. त्यांच्या वडलांनी उभा जन्म कळपामागं चालण्यात घालवला होता.

“नेट म्हंजे जाळीच की,” मामा म्हणायचे. “आमी पिढ्यान् पिढ्या नेटच लावीत आलो. आता फकस्त मेंढरं बदलली.”

त्या वर्षांत पाऊस उगवत नव्हता, इमारती उगवत होत्या. ज्या रानात बोअर कोरडं गेलं म्हणून मालकानं रान विकलं, त्याच रानात तळ्याच्या नावाची सोसायटी उभी राहत होती आणि तिच्या जाहिरातीत निळंशार पाणी होतं. नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी. त्या दिवसाला आमच्या गल्लीत ‘पाण्याचा वार’ म्हणत. उपासाचा वार असतो, तसा.

मी मामांकडे गेले ती पत्रक टाइप करायला. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले, मी अक्षरं शिकले ती ‘धिक्कार असो’ या शब्दांवरून. पहिलं पत्रक स्वतः लिहिलं तेव्हा मी कॉलेजात होते, आणि त्यात एकाही वाक्याला पूर्णविराम नव्हता, सगळी उद्गारचिन्हंच. मामांनी प्रिंट काढली, वाचली, कागद उजेडाकडे धरून पुन्हा वाचला.

“कोनाला मारायचं ठरलंय?”

“व्यवस्थेला.”

“ती कुटं राहती?” मग माझं तोंड बघून म्हणाले, “बस हितं. खेळ एक डाव. मंग बगू तुजी व्यवस्था.”

हा खेळ म्हणजे अनेक माणसं आपापल्या संगणकावरून एकाच काल्पनिक राज्यात शिरतात, प्रत्येकजण आपलं पात्र आणि हत्यार निवडतो आणि पाच-पाच जणांचा गट करून राक्षस मारतो, असा. पोरं तिथं टाइमपास करायला येत. मामा मात्र त्याकडे शास्त्र म्हणून बघत. त्यांच्या मते जगातली सगळी दुःखं एकाच कारणानं होतात: गटाची जुळणी चुकते.

“कळपात एक-दोन शेळ्या ठेवत्यात, का म्हाईत हाय? मेंढरू खाली मान घालून चालतं. शेळी वर बगती. तिच्या मागं समदी जातेत. बिऱ्हाड घोड्यावर. कुत्रं मागं. आता कुत्रं म्हनलं मी पुढं चालनार, घोडं म्हनलं मी भुंकनार, तर काय व्हईल?”

“काय?”

“महानगर व्हईल.”

त्यांच्या गटात पाच जागा होत्या आणि त्यांची नावं खेळातली इंग्रजी नव्हती, मामांनी ठेवलेली होती. पुढं उभं राहून वार झेलणारा तो ‘ढाल’. जवळून मारणारा ‘तलवार’. लांबून मारणारा ‘बाण’. सगळ्यांच्या मागं उभा राहून कोण कुठं चुकतंय ते सांगणारा ‘राखण्या’. हे काम स्वतः मामांचं, आणि त्यांच्या पात्राच्या हातात फक्त काठी. पाचवा, ज्याच्याकडे हत्यारच नसतं, जो जखमी गड्यांची ताकद भरून देतो, तो ‘वाढपी’.

“पंगत बसती,” मामा सांगायचे, “तवा समदे बसले तर जेवनार काय? पत्रावळ? कोनीतरी उभं राहायला पायजे. वाढपी शेवटी जेवतो, पन त्याच्याबिगर पंगत नाय.”

आणि वाढपी व्हायला कोणीही तयार नव्हतं.

मी निवडल्या दोन तलवारी. एक प्रत्येक हातात. राक्षस दिसला की मी ओरडत धावायचे आणि पहिली मरायचे. मामा मागून जिभेनं टकटक आवाज करायचे, मेंढरं वळवायचा. “अगं थांब! दोन्ही हातात तलवारी धरल्यावर दार कोन्या हातानं उघडशील?”

रफीक रिक्षा चालवायचा आणि दुपारच्या उन्हात सवारी नसली की कॅफेच्या पंख्याखाली यायचा. त्यालाही तलवारच हवी होती. मामांनी त्याला ढाल दिली.

“मेरेकू कायकू ढाल, मामा? मैं क्या मार खाने को पैदा हुआ?”

“तू दिवसभर शिव्या खातो का नाय?”

“खातूं.”

“आन् रिक्षा उलटती का?”

“नक्को बोलो ऐसा. कब्बी नै उलटी.”

“मंग? ढालीचं दुसरं काय काम असतं?”

रफीकनं थोडा विचार केला आणि ढाल घेतली. त्यानंतर तो सिग्नलला कोणी शिवी दिली की हसून म्हणायचा, “मारो भाई, ढाल है.”

बाण आमच्यातला साहेब मारायचा. साहेब म्हणजे देवगाव रंगारीचा एक शेतकऱ्याचा मुलगा, जो स्पर्धा परीक्षा देत होता आणि उपजिल्हाधिकारी होणार होता म्हणून आम्ही त्याला आधीच साहेब म्हणत होतो. तो कायम सुरक्षित अंतरावर उभा राहायचा, गट मेला की म्हणायचा, “मी अहवाल देतो.” मामा म्हणाले, “ह्याला दुसरं काही देऊ नका. ह्याची निवड झालेली हाय.”

जुळणीचं हे वेड कॅफेत मावत नसे. लग्न ठरवायला कोणी पत्रिका आणली की मामा पत्रिका बाजूला ठेवून विचारत, “भांडण झालं तर पयलं पानी कोन आनून देतं? दोघं बी नाय? दोन्ही तलवारी. नगा करू.” मंत्रिमंडळाचा फोटो पेपरात आला की तो फळ्यावर चिकटवून त्याखाली खडूनं लिहीत, ‘तलवारी: सगळ्या. ढाल: भाड्यानं आणतील. वाढपी: जागा रिकामी.’ खेळाच्या कंपनीनं हत्यारांची ताकद कमी-जास्त केली की त्याचं पत्रक मामा पंचांगासारखं मोठ्यानं वाचत. एकदा कंपनीनं दुहेरी तलवारीची धार उतरवली तर मामांनी सगळ्यांना गूळ वाटला. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

वीज गेली तरी खेळ थांबत नसे. मामा फरशीवर पाच खडे मांडत. “हा जड. ह्याच्यासंगं हलका पायजे. दोन जड एकाजागी ठेवले तर दोघं बी हलत नायत. दोन हलके ठेवले तर दोघं बी पळून जातेत.” हत्यारांचंही तेच. लांब भाल्याला आखूड सुऱ्याची सोबत, हळू पडणाऱ्या हातोड्याला झपझप जाणाऱ्या बाणाची. “हत्यार भारी नसतं,” ते म्हणायचे, “जोडी भारी असती.”

आम्हाला वाढपी मिळाला तो मात्र मामांच्या शास्त्राबाहेर.

गल्लीच्या अगदी शेवटच्या घरात एक मावशी खानावळ चालवायच्या. अजिंठ्याकडच्या. दोन वर्षं रान पिकलं नाही, मजुरीही मिळेना, म्हणून शहरात आल्या आणि भाड्याच्या दोन खोल्यांत चूल मांडली. परीक्षा देणारी पोरं, कंपनीतले कामगार, रिक्षावाले त्यांच्याकडे जेवत. दुपारी त्या स्वतः डबा घेऊन मामांकडे यायच्या. एकदा आमचं युद्ध चालू असताना त्या डबा हातात घेऊन रफीकच्या मागं उभ्या राहिल्या.

“ह्याच्या डोक्यावर ती पट्टी लाल कामून झाली?”

“मरायला लागलोय मावशी,” रफीक म्हणाला.

“मंग त्याला कोनी काही देत का नाय? तिकडं त्या पोरीची बी अर्ध्यावर आली. आन् हा साहेब बगा, भरलेला हाय आन् आनखी भरून मागतोय!”

मामा खुर्चीवरून उठले. घोंगडी झटकली. खुर्ची मावशींपुढं केली. “बसा.”

मावशींना माउस धरता येत नव्हता. तो त्यांनी लाटण्यासारखा दोन्ही हातांनी धरला. पण चाळीस ताटांवर नजर ठेवून कोणाच्या ताटात भाकरी संपली हे न विचारता ओळखणाऱ्या बाईला पाच पट्ट्या म्हणजे काय? महिनाभरात त्या आमच्या वाढपी झाल्या. कोण ओरडतंय त्याला त्या कधीच आधी वाढत नसत. “वरडनाऱ्याच्या पोटात अजून दम हाय,” म्हणायच्या. जो गप्प झाला त्याच्याकडे त्यांचा हात जायचा. जो राक्षस आम्हाला पावसाळाभर मारत होता, तो एका दुपारी मेला. मामांनी फळ्यावर ‘वाढपी’ या शब्दापुढं ‘मावशी’ लिहिलं आणि त्याला चौकट केली.

आता खऱ्या राक्षसाकडे येते.

आमच्या गल्लीत पाइप सुरू होई तो भाऊंच्या घरापाशी आणि संपे तो मावशींच्या दारात. भाऊ म्हणजे पुढच्या निवडणुकीत उभे राहणार असं स्वतःच सांगणारे गृहस्थ. चौकात त्यांचा फलक होता, ‘पाणीदार नेतृत्व’. ते खोटं नव्हतं. व्हॉल्व्ह सुटला की भाऊंची दीड एचपीची मोटर सुरू व्हायची आणि गल्लीतलं निम्मं पाणी त्या नेतृत्वात जायचं. भाऊ लावतात म्हणून शेजारचा लावायचा, शेजारचा लावतो म्हणून त्याच्या पुढचा. मावशींच्या नळाला शेवटी पंधरा मिनिटं करंगळीएवढी धार. तेवढ्या वेळात नळाशी बसून त्या दोन पिंपं भरत. आठवडा त्यावर काढायचा. त्या उन्हाळ्यात धार आणखी बारीक झाली.

“अजून एक-दोन वार आसं गेलं तर खानावळ बंद,” मावशी एकदा खेळता खेळता म्हणाल्या, पडद्यावरची नजर न हलवता. “गावाकडं जाईन. तिकडं काय हाय म्हना. पन बिगरपान्याचा सैपाक मला येत नाय.”

मी तत्काळ समिती स्थापन केली. ती करण्यात मी पटाईत होते. पहिल्या बैठकीला अकरा लोक आले. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, निमंत्रक, सहनिमंत्रक, प्रवक्ता, तीन सल्लागार असं वाटप झालं आणि एकजण उरला, तर त्याच्या स्वाभिमानासाठी ‘मुख्य समन्वयक’ हे पद तयार केलं. मोर्चा ठरला. तारीख ठरली ती प्रमुख वक्त्यांच्या सवडीनं.

मामांनी पत्रक छापता छापता बोट ठेवलं. “हा तर पान्याचा वार हाय.”

“मग?”

“शेवटच्या घरची समदी मोर्च्याला. घरी कोन? नळाखाली कोन बसनार?”

मी त्यांना जे उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं आणि आठवू नये असं वाटतं. मी म्हणाले, “मामा, प्रश्न एका दिवसाच्या पाण्याचा नाही. व्यवस्थेचा आहे.”

मोर्चा जोरात झाला. वॉर्ड ऑफिसच्या दारात सात भाषणं झाली. मावशी पहिल्या रांगेत, हातात फलक, त्यावर माझंच वाक्य: ‘पाणी आमच्या हक्काचं!’ साहेबानं निवेदनाचा मसुदा केला होता, त्यात ‘उपरोक्त’ हा शब्द नऊ वेळा होता. निवेदन एका कारकुनानं घेतलं, कारण अधिकारी पाहणीला गेले होते. आम्ही ‘विजय असो’ म्हणत परतलो. गल्लीत शिरलो तेव्हा रस्ता ओला होता. भाऊंची टाकी भरून वाहत होती. मावशींच्या अंगणात दोन कोरडी पिंपं उभी होती आणि नळ फुसफुसत होता.

पाणी मागायला गेलो म्हणून पाणी गेलं. असा मोर्चा आमच्याशिवाय कोणाला काढता येईल असं मला वाटत नाही. त्या आठवड्यात रफीकनं रिक्षातून पाणी वाहिलं आणि खानावळ कशीबशी चालली. समितीची चिंतन बैठक झाली. तिच्यात अध्यक्ष बदलले.

मामांनी मला खडूच्या फळ्यापुढं बसवलं. गल्ली काढली. “पंगतीत वाढप पुढून सुरू व्हतं, म्हनून मागचा उपाशी राहतो. उलटं वाढायचं. पयला अर्धा तास कोनीच मोटर नाय लावायची. शेवटची आठ घरं भरू द्यायची. मंग बाकीचे.”

“भाऊ ऐकतील?”

“भाऊ थांबले तर समदे थांबतेत. पुढं उभा हाय तो. ढाल हाय.”

“ते चोर आहेत!”

“असू दे. ढाल चांगली असावी लागत नाय, पुढं असावी लागती.” त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. “लिव्ह. भाऊ सगळ्यात शेवटी पानी घेनार, गल्लीवर त्यांचे लई उपकार.”

“ते असं कधी म्हणाले?”

“म्हनतील. आधी छापू.”

मी लिहिलं नाही. मी म्हणाले, ज्या हातानं मी धिक्कार लिहिलाय त्या हातानं पाणीचोराची आरती लिहिणार नाही. मला माझा फार अभिमान वाटला. मामा “बरं” म्हणाले आणि स्वतः एका बोटानं टाइप करत बसले. ‘भाउंचा मोठेपना. येत्या पान्याच्या वारी भाउ सर्वांच्या शेवटी पानी घेनार. गल्ली आभारी हाय.’ एवढंच. ते प्रत्येक खांबावर चिकटवलं, आणि एक भाऊंच्या फाटकावर.

तासाभरात भाऊ कॅफेत. “हे कोणी छापलं?”

“म्या,” मामा म्हणाले.

“मी कधी बोललो असं?”

“बोलला नाय. पन तुमच्याकडं बगून वाटलं.”

भाऊ तोंड उघडणार तेवढ्यात रफीकनं ढालीचं काम केलं. “भाऊ, पूरी गल्ली में आपकाच चर्चा है. मेरे रिक्षे में सवारीयां आपका नाम ले रई थीं.”

“माझं नाव?”

“हौ.”

“चांगलं?”

“अब्बी तक पैली बार.”

भाऊ उभे राहिले, बसले, चहा प्यायले. जाताना म्हणाले, “शुद्धलेखन तरी बघायचं.”

पुढच्या पाण्याच्या वारी दुपारी भाऊ फाटकासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर पांढरे कपडे घालून बसले. येणारा-जाणारा नमस्कार करत होता. मोटर बंद. ती बंद, म्हणून शेजारची बंद. अख्खी गल्ली कान देऊन ऐकत होती, कोणाची घरघर येते का. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मावशी नळापुढं बसल्या होत्या. आधी हवा आली, मग तांबूस पाणी, मग मनगटाएवढी धार. पिंपं भरली, टोप भरले, बादल्या भरल्या, शेवटी तांबे आणि पेलेही भरले. सगळं भरून झाल्यावर त्यांनी उगाच हात धारेखाली धरला आणि तसाच ठेवला. मग वाटीभर शिरा केला आणि भाऊंना पाठवला. भाऊंनी तो सगळ्यांना दिसेल असा खाल्ला.

असे पाच वार गेले. खानावळीत पोरं वाढली. मावशी खेळताना गुणगुणायला लागल्या.

मग चौकातला फलक बदलला. ‘शेवटच्या घराला पाणी देणारा आपला माणूस’. भाऊंचा हात जोडलेला फोटो, मागं धबधबा. त्या फलकाखालून मी रोज जायचे आणि रोज माझं रक्त उकळायचं. पाणी देणारा! ज्यानं इतकी वर्षं ओढलं तो! सहाव्या वाराच्या आधी मी पत्रक काढलं. ‘पाणीदार की पाणीचोर?’ दीड एचपीची मोटर, दोन बेकायदा जोडण्या, गच्चीवरची टाकी, सगळं नावानिशी. मामांकडे छापायला गेले नाही, दुसरीकडे छापलं. घरोघर वाटलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम पत्रक आहे. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही.

भाऊंनी ते वाचलं. पाण्याच्या वारी खुर्ची बाहेर आलीच नाही. व्हॉल्व्ह सुटला आणि दीड एचपी सुरू झाली. तिच्या मागं शेजारची. मग त्याच्या पुढची. खाली मान घालून एकामागं एक.

पुढच्या वारीही तेच. त्याच्या पुढच्या वारी मी मावशींच्या घरी गेले तेव्हा त्या मोठी भांडी पोत्यात बांधत होत्या. दारात टेम्पो उभा होता.

“मावशी, मी खरं तेच लिहिलं.”

“व्हय गं. वाचलं ना म्या. लई भारी लिवतीस तू.” त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “ते पातेलं धर जरा तिकडून.”

मी धरलं. आमच्या अख्ख्या ओळखीत मी त्यांच्यासाठी केलेलं हे पहिलं काम होतं, आणि ते त्यांना घालवून देण्याचं होतं.

मी मामांकडे गेले. त्यांनी रागवावं म्हणून गेले होते, हे मला आता कळतं. शिव्या खाल्ल्या की माणूस हलका होतो. ते रागावले नाहीत. फळ्यावरची चौकट तशीच होती, ती बघत म्हणाले, “ढालीवर वार केला तू. ढाल वाईट व्हती. पन ती पुढं व्हती.”

“म्हणजे चोराला चोर म्हणायचं नाही?”

“म्हनायचं की. कामून नाय म्हनायचं? पन ढाल पाडायची तर तिथं दुसरं कोनीतरी उभं करायला लागतं. तू उभी राहनार व्हतीस का? खुर्ची टाकून? दर वाराला?”

मी फळ्याखालचा खडू उचलला आणि परत ठेवला.

“तुज्या पत्रकात भाऊंची मोटर व्हती, दीड एचपीची,” मामा शांतपणे म्हणाले. “तुमची कितीची हाय?”

आमचं घर गल्लीच्या मध्यावर. चळवळीतलं घर. भिंतीवर सगळे महापुरुष. आणि हौदाशेजारी, पोतं टाकून झाकलेली, अर्ध्या एचपीची. भाऊंनी चालू केली की वडील म्हणायचे, “आता आपण एकट्यानं थांबून काय उपयोग,” आणि बटण दाबायचे. ते पाच वार आम्हीही थांबलो होतो. सहाव्या वारी, माझं पत्रक दारोदार पोचल्यावर, आमचीही घरघर त्या रांगेत होती. मी ती ऐकली होती. मी आत बसून पुढच्या पत्रकाचा मथळा शोधत होते.

वाघर नेट कॅफे आता नाही. प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि गाळा गेला. तिथं आज काचेची इमारत आहे आणि तळमजल्यावर पोहण्याचा तलाव असल्याचं सांगतात. साहेब खरोखरच साहेब झाला आणि लांबून काम करतो. रफीक अजून रिक्षा चालवतो. मामा भावाच्या कळपामागं असतात, कधी फोन केला तर मागून मेंढरांचा आवाज येतो आणि ते विचारतात, “गटात कोन कोन हाय सध्या?” मी नावं सांगते. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, “आन् वाढायला?”

मी पत्रकं लिहायचं सोडलेलं नाही. सोडणारही नाही. भाऊ निवडून आले, त्यांच्यावर आणखी तीन काढली, आणि तीही खरी आहेत. पण पाण्याच्या वारी दुपारी मी आता लिहीत नाही. आमच्या मोटरीच्या बटणापाशी उभी राहते. वडील भांडतात. म्हणतात, “आपण थांबलो तर ते पाणी शेवटाला जाणार नाही, पुढचाच ओढेल.” कधी कधी तसंच होतं. शेजारचे हसतात. मावशींच्या खोल्यांत आता एक नवरा-बायको राहतात. मी दार वाजवते तेव्हा त्यांना अजून कळत नाही की या बाईला काय हवंय.

हा लेख तुम्हाला आवडला असेल तर कोणाला पुढं पाठवू नका. माझी स्तुती करू नका, भाऊंना शिव्या देऊ नका. त्या मी देते आहे. एवढंच करा. तुमच्या गल्लीत पाइप कुठं संपतो ते माहीत करून घ्या. पुढच्या पाण्याच्या वारी, व्हॉल्व्ह सुटल्यावर, चप्पल घाला आणि चालत त्या शेवटच्या घरापर्यंत जा. दार वाजवा. विचारा, “पाणी आलं का?”

‘आलं’ असं उत्तर मिळेपर्यंत तुमचं बटण दाबू नका.